प्रेम, जादू आणि रफार

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय आहे ‘प्रेमकथा आणि अद्भुतकथा एकाच कादंबरीत कशी नांदवावी’. त्याकडे येणारच आहे. पण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कादंबरी लिहून तयार आहे, प्रकाशकाचं उत्तर येत नाही, आणि आता स्वतःच छापायची असं त्यांनी मनाशी ठरवलंय. म्हणून पुस्तक हातात येईपर्यंत काय काय बिघडतं, ते आधी बोलू.

त्याआधी एक सांगतो. प्रेम आणि चमत्कार हे मराठी कादंबरीत काल शिरलेलं खूळ नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, मागोमाग नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरी रांगत होती तेव्हा तिला विरहाने आणि चमत्कारांनीच अंगाखांद्यावर खेळवलं. आपल्या नाशिकला २०२१ मध्ये साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर होते. तेव्हा ‘राक्षस-राजकन्या काय लिहिता’ असं कुणी म्हणालं, तर मान खाली घालू नका.

आता माझं दुखणं, फाँटचं. अनेकांचं जुनं लेखन अजून युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे चालणारा एकच संकेत देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या. त्या फाँटमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधीच टाइप होते, रफार वर दिसतो म्हणून अक्षर झाल्यावर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा ‘र्’ व्यंजनाआधी. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला या सगळ्या उड्या उलट्या माराव्या लागतात, आणि दीर्घ वेलांटी व रफार एकत्र आले की ते हमखास चुकतं. ‘मूर्ती’चं ‘मूतीर्’ होतं, ‘विद्यार्थी’चं ‘विद्याथीर्’. देवळातली मूर्ती बोलते असा तुमचा कळसाचा प्रसंग, आणि पानावर ‘मूतीर्’. वाचक त्या क्षणी देवळातून बाहेर पडतो आणि पुन्हा आत येत नाही.

उपाय सोपा आहे. फाइल उघडून शोधचौकटीत ‘र्’ आणि त्यापुढे एक मोकळी जागा टाका. मग ‘र्’पुढे स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह. मराठीत शब्द अशा पाय मोडलेल्या र ने जवळजवळ कधीच संपत नाही, त्यामुळे सापडेल ती बहुतेक चूकच. ‘सगळे बदला’ मात्र दाबू नका. एकेक बघून दुरुस्त करा.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती चूक दिसतच नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. नायक सात दऱ्या ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचतो असं तुम्ही लिहिलंत आणि छापून आलं ‘सात दर्या’. डोंगरातला माणूस समुद्रात पडला! अद्भुतकथेत वाचक समुद्रही मान्य करतो, म्हणून मुद्रितशोधकालाही शंका येत नाही. वाऱ्यावर, ताऱ्यांखाली, कुऱ्हाड, तऱ्हा, बिचाऱ्या, या सगळ्यांना तोच धोका. ‘र्य’ आणि ‘र्ह’ दोन्ही शोधा. सूर्य, कार्य, आश्चर्य तसेच ठेवा, बाकीच्यांकडे थांबून बघा. टंकताना इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे ची कळ मारली की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो. त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह द्या.

पानं इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून घेत असाल तर मांडणी करणाऱ्याला विचारा, त्यातली देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, वर्ल्ड-रेडी कंपोझर, चालू आहे का. तो नसेल तर वेलांट्या भलत्या जागी जातात आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा मराठी निवडली आहे का, हेही विचारा. काही फाँटमध्ये तेवढ्यानेच पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. २००९ च्या शासननिर्णयात हीच मराठी वळणं दिली आहेत.

आता कागद. छपाई सोळा पानांच्या फॉर्मने, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याने, होते असं धरा. २५६ पानं म्हणजे बरोबर सोळा फॉर्म. तुमची २६० झाली तर चार पानांसाठी सतरावा फॉर्म चढतो आणि बारा पानं कोरी राहतात. अर्पणपत्रिका नि मनोगत आटोपशीर केलं की ती चार पानं निघतात. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकांच्या साध्या कागदाचा, एक ताव-तुकडा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन पानं, साधारण ०.१ मिलिमीटर. २५६ पानांचा कणा तेरा मिलिमीटरच्या आसपास येतो. पण बल्की, म्हणजे तेवढ्याच वजनाचा पण जाड, कागद घेतला तर हे गणित मोडतं आणि कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर घसरतं. म्हणून छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या, ती पट्टीने मोजा, मगच मुखपृष्ठाची फाइल पक्की करा. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे गेले तर पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पानांना लाटा येतात. अद्भुतकथेतला नकाशा जोडपानावर पसरू नका. चिकटवलेल्या बांधणीत मधली राजधानी कण्यात गडप होते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, लेखकालाही. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा घ्या. छापल्यावर तीस दिवसांत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. कादंबरी आधी प्रतिलिपी या वाचनाच्या संकेतस्थळावर क्रमशः टाकली असेल आणि मग अ‍ॅमेझॉन किंडलच्या सिलेक्ट या ई-पुस्तकांच्या योजनेत द्यायची असेल, तर तिथली प्रकरणं आधी उतरवा. त्या योजनेत नव्वद दिवस ई-मजकूर दुसरीकडे ठेवता येत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मूळ विषय आता भरभर सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की रफार तपासणारी नजर आणि जादू रचणारी नजर एकच. कथेतल्या जगाचा कायदा तुम्ही केलात, तर शेवटच्या पानापर्यंत तो तुम्हीच पाळायचा. त्यासाठी एक वही ठेवा. एका रकान्यात तिथी. प्रेमकथेला चांदणं लागतं, अद्भुतकथेलाही, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास. मग त्या रात्री नऊ वाजता गच्चीवर तिच्या चेहऱ्यावर चांदणं पडणार कसं?

दुसऱ्या रकान्यात अंतरं. त्र्यंबकहून नाशिक साधारण तीस किलोमीटर. सडा, धडधाकट माणूस दिवसभरात चालत येतो, सामान आणि लहान मुलं असली की वाटेत मुक्काम पडतो. हेच माप तुमच्या राज्याला लावा. ब्रह्मगिरीच्या चढणीला वेगळा वेळ धरा.

तिसरा रकाना संबोधनांचा: कोण कुणाला अहो-जाहो करतो, आणि कुठल्या प्रकरणात त्याचं अरे-तुरे होतं. आपल्या भाषेत प्रेमाचा अर्धा प्रवास या एका बदलात होतो. तो तेराव्या प्रकरणात योजला असेल आणि नवव्यातच चुकून एक ‘तू’ निसटला असेल, तर पुढचा प्रसंग मेला.

चौथा रकाना जादूच्या किमतीचा. जादूने प्रेमिकांची गाठ फुकटात पडत असेल तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणातच संपते. किंमत हवी, आणि ती प्रेमाला जे लागतं त्यातूनच जायला हवी: आठवण, आवाज, आयुष्याची वर्षं. तिला तो परत मिळतो, पण त्याला तिचं नाव आठवत नाही. ही अट पहिल्या चार-पाच प्रकरणांत, एखाद्या किरकोळ माणसावर घडवून, वाचकाला दाखवून ठेवा. शेवटी अचानक काढलीत तर ती पळवाट वाटते. आणि एकदा घेतलेली आठवण उपसंहारात परत देऊ नका, वाचक कितीही हळहळला तरी.