श्रुतलेखन

(काळा पडदा. फोनमधून भरभर बोलणारा एक आवाज.)

पडदा काळा आहे. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. माझी मावशी तिचा फोन असाच वापरते, स्क्रीन झाकून. त्यानं बॅटरी वाचते, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला तिचे निरोप वाचता येत नाहीत.

जो आवाज ऐकू येतोय तो मराठीच बोलतोय. आता हळू करून ऐकवते.

(तोच आवाज, सावकाश: ‘संदेश. पाच न वाचलेले. ताई सांगली. आज, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.’)

हा स्क्रीन रीडर. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ साली आले. बोटाखाली जे येईल ते तो वाचतो, आणि दोनदा टॅप केलं की ते उघडतो. मावशीला त्याचा पहिला वेग आता ऐकवत नाही. आपण छापलेल्या ओळीवरून नजर फिरवतो, तशी ती ऐकते.

(चित्र उजळतं.)

सकाळ. कोथरूडमधला तिसरा मजला. खिडकीशी लाकडी खुर्ची, खुर्चीत मावशी, एका कानात इअरफोन. दुसरा कान ती मोकळाच ठेवते. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, जिन्यातली पावलं त्या कानासाठी. या फिल्ममध्ये जे जे दिसतं, ते मी सांगतही राहणार आहे. ही फिल्म मावशीलाही बघायची आहे.

मावशीनं बावीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवलं. मग तिची नजर जायला लागली. रेटिनायटिस पिग्मेंटोजा: डोळ्याच्या पडद्याचा आजार, बहुतेक वेळा घराण्यातून आलेला. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग नजर एका नळीतून पाहिल्यासारखी अरुंद होत जाते. मावशी फळ्यावर लिहायची ती ओळ आधी वर चढायला लागली, मग आधीच्या ओळीवरून जायला लागली. मुलं काही बोलली नाहीत. एक मुलगी रोज तासाआधी येऊन फळ्यावर खडूनं रेघा आखून ठेवायची. मावशीला ते पुष्कळ दिवसांनी कळलं. हे सांगताना ती अजूनही थोडी थांबते.

ब्रेल ती शिकली नाही. पंचेचाळिशीत बोटांना नवी लिपी लावणं तिला जमलं नाही.

म्हणजे लिहायचं कसं?

(फोनचा कीबोर्ड जवळून. बोट सावकाश सरकतंय.)

आधी असं. काचेवर बोट ठेवायचं आणि सरकवत राहायचं. फोन सांगतो: प. र. क. हवं ते अक्षर आलं की उचलायचं. ‘स्वारगेट’ लिहायचं तर स, त्याचा पाय मोडायचा, व, काना, र, ग, मात्रा, ट. एका शब्दाला आठ वेळा शोध. ‘मी पोचले, काळजी करू नकोस’ एवढं लिहून होईपर्यंत रिक्षा अलका टॉकीजवरून डेक्कनला पोचलेली असायची.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलनं आणखी आठ भारतीय भाषांमध्ये बोलून लिहिण्याची सोय दिली. त्यात मराठी होती. माझ्या मावसभावानं त्याच महिन्यात तिच्या फोनवर ती सुरू करून दिली. माइकचं बटण दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात.

मावशीचं पहिलं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ती म्हणाली, ‘म्हणजे श्रुतलेखन की!’

बावीस वर्षं तिनं मुलांना श्रुतलेखन घातलं होतं. वाक्य एकदा पूर्ण वाचायचं, मग तुकड्या-तुकड्यानं, मग पुन्हा एकदा पूर्ण. मग वह्या गोळा करायच्या आणि लाल पेन घ्यायचं. आता समोरचा विद्यार्थी फोन होता.

(मावशी फोन तोंडाजवळ धरते. एक बारीक टुंग.)

त्या टुंगकडे लक्ष द्या. नवख्या माणसाची पहिली गडबड इथेच होते. स्क्रीन रीडर बोलत असताना माइक सुरू झाला, तर त्याचाच आवाज माइकमध्ये जातो आणि तुमच्या निरोपात ‘बटण’, ‘सूचना’ असे शब्द येऊन बसतात. म्हणून इअरफोन. आणि टुंग व्हायच्या आत बोललं, तर पहिला शब्द जातो.

शेवटचा शब्द जाणं त्याहून वाईट. विचार करायला आपण क्षणभर थांबतो, फोनला वाटतं बोलणं संपलं, माइक बंद होतो. डोळस माणसाला ते दिसतं. मावशी पुढे बोलतच राहते, आणि ते बोलणं हवेत जातं. एकदा तिनं साताऱ्याच्या काकांना निरोप दिला: ‘डॉक्टर गुरुवारी भेटतील.’ जरा थांबली. मग म्हणाली, ‘असं म्हणाले होते, पण आता शुक्रवार दिलाय, शुक्रवारी या.’ काका गुरुवारी पहाटेच्या एसटीनं आले. तापात आले होते.

तेव्हापासून तिनं शाळेतली पद्धत फोनला लावली. एक वाक्य. थांब. ऐक. मग पुढचं. पूर्ण झालं की वरपासून सगळं पुन्हा. न ऐकता ती काही पाठवत नाही. अगदी ‘हो’सुद्धा.

पण ऐकून सगळं कळतं का?

(मावशी, कॅमेऱ्याकडे नाही, खिडकीकडे तोंड करून: ‘सुनीता. आता सांग, कसं लिहिलंय त्यानं?’)

मला स्क्रीनवर दिसत होतं: सुनिता. पहिली वेलांटी. फोननं वाचलं तेव्हा ऐकू आलं ते मात्र अगदी बरोबर.

कानाला ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच. ‘सुत’ आणि ‘सूत’ सारखेच. एकात मुलगा, एकात धागा. आपण बोलताना वेलांटीची लांबी फारशी पाळत नाही, फोनही पाळत नाही. फोन चुकीचं लिहितो आणि बरोबर वाचून दाखवतो. शुद्धलेखन शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईसाठी ही साधी अडचण नाही. ‘माझ्या नावानं अशुद्ध जातंय आणि मलाच माहीत नाही,’ ती म्हणाली होती. त्यानंतर काही महिने तिनं जुन्या विद्यार्थ्यांना लिहिणंच बंद केलं. फोन करायची. ज्यांना लिहिलेलंच द्यायचं होतं, त्यांना काही दिलं नाही.

तिला यातून बाहेर काढलं ते व्याकरणानं. हे मी कौतुकानं म्हणत नाही, पाहिलंय. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चार वाढले. ते अठराही तिला तोंडपाठ. मूल, फूल, पीठ: दुसरा. मुलाला, फुलाला, पिठात: पहिला. शब्दाच्या शेवटी दुसरा, ‘आणि’ सोडून, ‘नि’ सोडून. चूक कानाला कळत नसली, तरी ती कुठे असू शकते हे नियमांवरून कळतं. म्हणून मावशी अख्खं वाक्य तपासत नाही, त्यातल्या दोन-तीन जागा तपासते.

(बोट स्क्रीनवर वर-खाली. फोन: ‘सु. नि. ता.’)

अक्षरागणिक वाचायला लावलं तरी तिचा फोन नुसतं ‘नि’ म्हणतो. पहिली की दुसरी, सांगत नाही. मग ती वाद घालत बसत नाही. वेलांटी खोडते आणि हवी ती स्वतःच्या बोटानं देते.

त्यासाठी तिनं दुसरा कीबोर्ड ठेवलाय, इन्स्क्रिप्ट मांडणीचा. संगणकावर भारतीय लिप्या आल्या त्या काळात सरकारी मानक ठरलेली ही मांडणी. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याचाही वाटा आहे: १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट गटाचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आणि मावशीच्या कामाची गोष्ट अशी, की दुसरी वेलांटी वरच्या ओळीत, पहिली बरोबर तिच्याखाली. दुसरा उकार वर, पहिला त्याच्याखाली. दीर्घ वर, ऱ्हस्व खाली. एकदा बोटाला कळलं की कळलं.

विरामचिन्हांचंही तसंच. ती ‘पूर्णविराम’ म्हणते तेव्हा फोन कधी चिन्ह देतो, कधी तो शब्दच लिहून टाकतो. ठिपका राहिला तर चालतं. प्रश्नचिन्हाचं मात्र चालत नाही. ‘जेवलास’ आणि ‘जेवलास?’ यांत मराठीत फक्त स्वर चढतो, आणि चढलेला स्वर फोन लिहीत नाही. नातवाला विचारलेला प्रश्न त्याच्याकडे बातमी होऊन पोचतो. म्हणून प्रश्नचिन्ह ती नेहमी हातानं देते.

(रविवार सकाळ. एक खोली, सात-आठ खुर्च्या, सगळ्यांच्या हातात फोन.)

मावशीला हे सगळं ज्यांच्याशी बोलून सुधारता आलं, ते हे सर. जन्मापासून दृष्टी नाही, कोरेगाव पार्कच्या अंधशाळेत शिकले, बँकेत नोकरी करतात आणि रविवारी इथे फोन शिकवतात. फी नाही.

(सर फोन आडवा धरतात, स्क्रीन स्वतःपासून उलट, समोरच्या माणसाकडे. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर.)

त्यांच्या बोटांखाली ब्रेलचे सहा ठिपके आहेत, दिसत नसले तरी. टॉकबॅकमध्ये २०२० साली ब्रेल कीबोर्ड आला. सर त्यावर आपल्यासारख्या माणसापेक्षा जलद लिहितात, आणि एक अक्षरही तोंडानं उच्चारत नाहीत.

मी विचारलं, ‘सर, मग तुम्ही बोलून लिहीतच नाही?’

‘लिहितो ना. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला. पण पगाराचं, आजाराचं, भांडणाचं बोलून लिहायचं म्हणजे सगळ्यांना ऐकवून लिहायचं. परीक्षेला आम्हाला लेखनिक असायचा. चांगली पोरं होती, शनिवार-रविवार सोडून यायची. पण मनातलं उत्तर आधी दुसऱ्याला मोठ्यानं सांगायचं, मग ते कागदावर जाणार. ते नको वाटायचं. आता कुठे मी एकटा लिहितो.’

मावशी पुढच्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, ‘मला ब्रेल येत नाही, म्हणून मी गच्चीवर जाते.’

हे मला माहीत नव्हतं. मावशी संध्याकाळी गच्चीवर जाते ते वारा घ्यायला, असं आम्ही सगळे समजत होतो. सांगलीच्या ताईला, म्हणजे माझ्या आईला, ती मनातलं लिहायची ते तिथून. कठड्याशी पाठ करून, फोन ओठांशी धरून, अगदी हळू आवाजात. हळू बोललं की फोन जास्त चुकतो. मग तिथेच उभं राहून दुरुस्ती. अर्धा तास, कधी पाऊण तास. गच्चीत रेंज आहे, हेही एक कारण. तिच्या फोनवर नेट नसलं की मराठी श्रुतलेखन होत नाही; आवाज आधी दूरच्या सर्व्हरवर जातो, मग अक्षरं होऊन परत येतो. म्हणून ओटीपी आणि पासवर्ड ती कधीच बोलत नाही, अंक कीबोर्डवर शोधून घालते. सर ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगतात, नव्यानं आलेल्यांना दोनदा.

वर्गात त्या दिवशी एक तरुण आला होता. त्यानं श्रुतलेखनाचं वेगळं ॲप घेतलं होतं, पैसे भरून. उघडलं की फोन म्हणायचा: ‘बटण. बटण. बटण.’ चार बटणं, एकालाही नाव नाही. त्यातलं एक माइकचं, एक सगळा मजकूर पुसणारं. सरांनी एकेक दाबून पाहिलं, कोणतं काय करतं ते ओळखलं आणि टॉकबॅकमधून प्रत्येकाला नाव दिलं. वीस मिनिटं गेली. ॲप बनवणाऱ्यानं हे नाव दिलं असतं, तर त्याला एक ओळ पुरली असती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आणि तो मुलगा बिननावाच्या चार बटणांपुढे बसला होता. मला राग आला. सरांना आला नाही. त्यांनी चौथ्या बटणाला ‘पुसा, सावध’ असं नाव दिलं आणि फोन त्याच्या हातात ठेवला.

(पुन्हा कोथरूड. संध्याकाळ. खिडकीशी मावशी, शेजारी मोड्यावर मी.)

फिल्म पूर्ण झाल्यावर शेवटच्या पाटीवरची नावं मी मावशीच्या फोनवर पाठवली. तिनं इअरफोन लावला आणि ऐकायला लागली. छायाचित्रण. संकलन. पुढच्या शब्दापाशी बोट थांबलं.

‘अगं, ध्वनिमुद्रणाची वेलांटी कुठली काढलीस?’

‘दुसरी.’

‘फोन काही बोलला नाही बघ. मीच थांबले. इथे सगळे चुकतात. ध्वनि तत्सम, समासात पहिलं पद, मग?’

मी पाचवीत होते तेव्हा तिनंच मला हा नियम शिकवला होता. ‘पहिली,’ मी म्हटलं.

तिनं कीबोर्ड बदलला. दुसरी वेलांटी खोडली. बोट वरच्या ओळीवरून एक घर खाली आणलं, उचललं, आणि फोन माझ्याकडे दिला.

(पाटी. काळ्यावर पांढरी अक्षरं. फोनचा आवाज, मावशीच्या नेहमीच्या वेगात, नावं वाचत जातो.)