लोखंडी अशनीच्या पोटातला डाग

नमस्कार मंडळी! लोखंडी अशनी कापला, घासून गुळगुळीत केला आणि त्यावर सौम्य आम्ल फिरवलं, की एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. ती सुंदर आहेच. पण आज नक्षी राहू द्या बाजूला, या फोटोत उजवीकडचा हा डाग बघा.

रंग काशासारखा, आकार जवळपास गोल, भोवती बारीक चंदेरी कडा. मधलं खनिज ट्रॉयलाइट, म्हणजे लोह आणि गंधक, एकास एक. कडा आहे श्रायबरसाइटची. त्यात लोह, निकेल आणि फॉस्फरस. लोखंडावर घाव घातला तर ते वाकतं, ही कडा मात्र तडकते.

मग हे आत आलं कुठून? एखाद्या लघुग्रहाचा वितळलेला गाभा हळूहळू गोठत असतो. घट्ट होणाऱ्या लोखंडात गंधकाला जवळजवळ जागाच नसते. ते उरलेल्या द्रवात साठत जातं आणि शेवटी त्या द्रवाचे थेंब लोखंडात अडकतात. तोच हा डाग.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. शिशाला गंधकाची ओढ, त्यामुळे तेही या थेंबांत जाऊन बसतं. युरेनियम जवळपास येतच नाही. याचा अर्थ लक्षात घ्या! युरेनियमचा ऱ्हास होऊन नवं शिसं तयार होतं. पण इथे युरेनियमच नाही, म्हणून सूर्यमाला जन्मली तेव्हाचं शिसं आजही जसंच्या तसं आहे.

अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी नेमकं हेच हेरलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये जे प्रसिद्ध विवर आहे, ते पाडणाऱ्या कॅन्यन डायब्लो अशनीतलं ट्रॉयलाइट त्यांनी घेतलं आणि त्यातलं शिसं मोजलं. काम महाकठीण, कारण हवेतल्या धुळीतही शिसं होतं आणि ते नमुन्यात शिरायचं. त्यासाठी त्यांनी अख्खी प्रयोगशाळा कमालीची स्वच्छ ठेवली. ज्यांत युरेनियम असतं, अशा दगडी अशनींतल्या शिशाशी तुलना करून 1956 साली त्यांनी पृथ्वीचं वय जाहीर केलं: 455 कोटी वर्षं, फार तर 7 कोटी इकडे-तिकडे. तो आकडा आजही टिकून आहे. पुढे पेट्रोलमधलं शिसं हटवण्यासाठी हेच पॅटरसन वर्षानुवर्षं झगडले, आणि मला त्यांचं हे कामही तितकंच मोठं वाटतं.

श्रायबरसाइटही काही कमी नाही. ते पाण्यात ठेवलं की फॉस्फरसची विरघळणारी संयुगं बाहेर पडतात. जीवसृष्टीला लागणारा फॉस्फरस सुरुवातीच्या पृथ्वीवर असा आला असेल का, यावर संशोधन सुरू आहे.

संग्रहालयात अख्खा लोखंडी अशनी बघायला मिळाला, तर त्यावरचे गोल, खोल खड्डे शोधा. ट्रॉयलाइट लोखंडाच्या आधी वितळतं. वातावरणातून येताना पृष्ठभागाजवळचे गोळे वितळून गेले, की मागे असे खड्डे राहतात.