नागिणीचा विळखा का पुरा होत नाही

श्रोतेहो, नमस्कार. 'नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला', हे आपल्या सोलापुरात कुणी ऐकलेलं नाही? छातीच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो, नुसती आग आग होते आणि डॉक्टरच्या आधी घरात गेरू कालवला जातो. याचं उत्तर आपल्या पाठीच्या कण्यात आहे.

कण्यातल्या मज्जारज्जूतून चेतांच्या, म्हणजे संवेदना आणि हुकूम वाहणाऱ्या नसांच्या, 31 जोड्या बाहेर पडतात: मानेत 8, छातीला 12, कमरेला 5, त्याखाली त्रिकास्थीशी 5 आणि माकडहाडाशी 1. गंमत म्हणजे मानेचे मणके सातच. पहिली चेता पहिल्या मणक्याच्याही वरून निघते, म्हणून आठ. प्रत्येक चेतेला दोन मुळं. पुढच्यातून स्नायूंना हुकूम जातो, मागच्यातून स्पर्श आणि वेदना आत येतात.

या मागच्या मुळावर एक बारीक गाठ असते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू या गाठीत दडून राहतो, अगदी चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. वय झालं, अंगातली ताकद खालावली, की तो जागा होतो आणि त्याच चेतेच्या वाटेनं कातडीवर येतो. छातीच्या बहुतेक चेता बरगडीखालून आपापल्या वाटेनं जातात, शेजारणीत मिसळत नाहीत. म्हणून तो पट्टा इतका रेखीव. आणि डावीकडची चेता छातीच्या मध्यरेषेशी संपते, मग विळखा पुरा होणार कुठून? क्वचित कुणाला दोन्हीकडे उठलीच, तरी टोकं जुळण्याचा आणि मरणाचा संबंध नाही. औषध मात्र पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं, आणि फोड डोळ्यापाशी असतील तर त्याच दिवशी दवाखाना. गेरू लावण्यात हाच वेळ जातो, माझा राग तेवढ्यासाठी.

हाताचं प्रकरण निराळं. मानेच्या शेवटच्या चार आणि छातीची पहिली, अशा पाच चेता मानेच्या बुडाशी एकमेकींत मिसळतात, फुटतात, पुन्हा जुळतात आणि मग हातात उतरतात. या जाळ्यामुळे बहुतेक स्नायूंना एकाहून जास्त मुळांतून पुरवठा होतो. एखादं मूळ दबलं तर हात दुबळा होतो, पण सहसा सगळा लुळा पडत नाही.

मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया सांगतात, 'डॉक्टर, हाताला मुंग्या येतात.' मी विचारतो, कुठल्या बोटाला? अंगठा आणि शेजारची दोन बोटं, रात्री झोपमोड, हात झटकला की बरं, असं असेल तर चेता बहुधा मनगटात दबलीय. करंगळी बधिर असेल तर आधी कोपर तपासायचं. मान वळवल्यावर दंडातून कळ उतरत असेल, तर दुखणं मानेतलं. आणि घरी तिन्हींना एकच मलम!

कमरेखालीही असंच जाळं आहे, आणि त्यातून निघते ती शरीरातली सर्वांत जाड चेता, सायटिक. दोन मणक्यांमधली गादी सरकते कमरेत आणि कळ येते पोटरीत. नुसते पाय चेपून काय होणार? बहुतेकांची कळ काही आठवड्यांत उतरते. पण पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच हॉस्पिटल गाठा.