उभं राहताना शरीरात काय घडतं?

श्रोतेहो, नमस्कार.

शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात हृदयाचं प्रकरण वेगळं, मूत्रपिंडाचं वेगळं, मज्जासंस्थेचं वेगळं. पाठांतराला हे सोयीचं, पण शरीर असं कप्प्याकप्प्यांनी चालत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, एखादी रोजची क्रिया धरा आणि तिचा माग काढत जा.

आज झोपेतून उठून उभं राहणं एवढंच घेऊ. उभं राहताच अर्धा लिटरभर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, रक्तदाब घसरू लागतो. आता मानेवर, जबड्याच्या कोनाखाली, एका बाजूला हलकेच बोट ठेवा. ठोका लागला? त्याच धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. भिंत सैलावली की त्यांचे संदेश मंदावतात, आणि मेंदूतली लंबमज्जा तेवढ्यावरून ओळखते की दाब कमी झालाय. काही क्षणांत हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. चालू लागलात की पोटरीचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात. शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. हे सगळं तुमचा पाय चपलेत जाईपर्यंत झालेलंही असतं!

मूत्रपिंडाचं काम सावकाश चालतं. मीठ आणि पाणी राखून ते रक्तदाब सांभाळतं, हे बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र त्याचं दुसरं काम फार विलक्षण वाटतं. रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पडला, की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते हाडांच्या मगजात पोचतं आणि तिथे तांबड्या पेशी अधिक बनू लागतात. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस, त्यामुळे ही मागणी कधी थांबतच नाही. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९ सालचं नोबेल मिळालं. त्याची सुरुवात याच संप्रेरकाच्या अभ्यासातून झाली होती.

आता सांगा, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला माणूस जिना चढताना धापा टाकतो, फिकट दिसतो. त्याची छाती तपासायची, हे कुणालाही सुचेल. पण त्याचं हिमोग्लोबिनही पाहायला हवं, कारण मगजाला निरोप धाडणारं मूत्रपिंडच थकलेलं असू शकतं.