लाल कार्ड (माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : सकाळ. आयर्विन पूल, खाली कृष्णा. तिथून प्रौढ दिव्यांगांच्या कार्यशाळेची खोली. टेबलावर हळदीचा ढीग, वजनकाटा.)

सांगली. सकाळचे साडेदहा. हे हात बघा. ५० ग्रॅम हळद पिशवीत जाते, पिशवी काट्यावर, मग सीलिंगच्या यंत्राखाली. नखांच्या कडेला मुरलेला पिवळा रंग रविवारीसुद्धा जात नाही. हे काम करणारे दादा ३४ वर्षांचे आहेत, बौद्धिक दिव्यांग आहेत. घरी, गल्लीत आणि इथंही सगळे त्यांना ‘बाळ’ म्हणतात.

समोर बसलेल्या ताई संशोधक विद्यार्थिनी. प्रौढ दिव्यांगांचं रोजचं जगणं, हा त्यांचा विषय. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “दादा, तुम्ही इथं कशानं येता?” दादांनी मागं वळून पाहिलं. ‘तुम्ही’ म्हणजे मागं दुसरंच कुणी उभं असणार, असं त्यांना वाटलं.

असे प्रश्न एरवी आईला विचारतात, भावाला विचारतात. २०११ च्या जनगणनेत देशातले २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यांतले सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात होते. त्यांची माहिती सांगणारं तोंड घरातल्या दुसऱ्याच कुणाचं तरी. किती शिकला, औषधं कोणती, हे आई नेमकं सांगते. पण त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे सांगताना आईचंही चुकतं. आईइतकं त्याला कोण ओळखणार, असं आपण म्हणतो आणि तिथंच थांबतो.

(दृश्य : चित्रांची पुस्तिका. ताई एकेक पान उलटताहेत.)

हे संमतीपत्र आहे. एका पानावर एक चित्र आणि एकच वाक्य. पहिल्या पानावर ताईंचाच फोटो, दुसऱ्यावर फोन, तिसऱ्यावर उघडं दार. दार म्हणजे काय? कधीही उठून जाता येतं. सगळी पानं झाली की ताई पुस्तिका मिटतात आणि म्हणतात, “आता तुम्ही मला सांगा, मी काय करणारंय?” दादा सांगतात, “फोटू. बोलायचं. नको तर जायचं.” एवढं त्यांच्या तोंडून आलं, तेव्हाच अंगठ्याला शाई लागली. आईंची सही त्यानंतर घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. न्यू यॉर्क शहरातल्या विलोब्रुक संस्थेत १९५६ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग करून प्रयोग केले गेले. कागदावर पालकांच्या सह्या होत्या.

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं सहावं कलम स्पष्ट आहे. त्या माणसाला समजेल अशा रीतीनं घेतलेली, मोकळेपणानं दिलेली संमती लागते. शिवाय सरकारनं नेमलेल्या समितीची आधी परवानगी लागते आणि त्या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेतले हवेत.

(दृश्य : दादा आणि ताई, समोरासमोर. दोन कॅमेरे.)

आता ऐका.

“तुम्हाला इथं यायला आवडतं?”
“व्हय.”
“इथं यायचा कंटाळा येतो?”
“व्हय.”

खोटं कुणी बोलत नाहीये. १९८१ साली अमेरिकेत कॅरल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी हेच नोंदवलं. हो-नाहीचा प्रश्न टाकला की बौद्धिक दिव्यांग व्यक्ती पुष्कळदा ‘हो’ म्हणतात, प्रश्न उलटा फिरवला तरीही. लहानपणापासून शहाणं बाळ म्हणजे ऐकणारं बाळ. ‘व्हय’ म्हटलं की समोरचं माणूस हसतं, प्रश्न संपतो. मग अशा ‘व्हय’वर प्रबंध लिहायचा कसा?

म्हणून ताई आधी ‘नाही’चा सराव घेतात. हातात लिंबू. “हा आंबा आहे?” दादा गप्प. पुन्हा, “हा आंबा आहे?” बघा त्यांचा चेहरा. “न्हाई!” अख्खी खोली हसली. पुढं पंधरा मिनिटं फक्त हेच चाललं होतं. आम्ही सगळं टिपलं, कारण या अभ्यासातलं मोठं काम तेच होतं.

मग प्रश्न बदलतात. ‘आवडतं का’ऐवजी दोन चित्रं : हळद भरणं की पाकिटं चिकटवणं? पण दोन पर्याय दिले की शेवटी ऐकलेला उचलला जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी चित्रांचा क्रम बदलून तोच प्रश्न. सोबत तिसरं कार्ड, ‘माहीत नाही’. ‘गेल्या सहा महिन्यांत’ असं तर विचारायचंच नाही. “गणपतीच्या आधी का नंतर?” “महापूर आला तेव्हा तुम्ही कुठं होता?” २०१९ म्हटलं तर दादा गप्प बसतात. महापूर म्हटलं की हात छातीपर्यंत वर जातो, इतकं पाणी.

(दृश्य : फोनवरचे फोटो, एकामागून एक.)

आठवडाभर फोन दादांकडे होता. ही पद्धत १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातली. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बुरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांच्याच फोटोंवर त्यांना बोलतं केलं. ज्याला वाक्य जुळवणं जड जातं, त्याला बोट ठेवायला काहीतरी मिळतं.

गणपती मंदिर. घाट. भडंगवाल्याची गाडी. आणि हा, हलला-बिघडला वाटणारा, लोखंडी कपाटाचा. असे सात आहेत. ताई ते पुसून टाकणार होत्या. छापून आणल्यावर दादांनी सातही उचलून एका रांगेत मांडले.

“हे काय, दादा?”
“माझं पैसं.” मग बोट कुलपावर. “किल्ली आयकडं.”

आईंनी महिन्यापूर्वी लिहून दिलं होतं, पैशातलं त्याला काही कळत नाही.

फोटोंचे गट कुणी पाडायचे? इथं जमिनीवर बसून ते दादा आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी पाडलेत. ब्रिटनमधल्या अभ्यासक जॅन वॉल्म्सले यांनी २००१ मध्ये या वाटेला सर्वसमावेशक संशोधन हे नाव दिलं. विषय त्यांच्या जगण्याचा असेल, तर अर्थ लावतानाही ते खोलीत हवेत, आणि त्या दिवसाचं मानधनही त्यांच्या हातात पडायला हवं.

कार्यशाळेत आता मानधनाचं पाकीट ज्याचं त्याच्या हातात देतात.

(दृश्य : खोलीचा कोपरा. एक ताई खिडकीशी.)

हिरवं कार्ड म्हणजे चालेल, लाल म्हणजे थांबा. ही कार्डं ताईंच्या प्रश्नांना होती, तशी आमच्या कॅमेऱ्यालाही लागू होती. खिडकीशी बसलेल्या या ताई पाकिटं चिकटवतात. तीन दिवस त्यांनी हिरवं कार्ड पुढं ठेवलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही जवळ गेलो. पाकीट खाली ठेवलं, हात पुसले, आणि लाल कार्ड वर धरलं.

(दृश्य : लाल कार्ड. कॅमेरा खाली येतो. फरशी, चपलांचे दोन जोड.)

यापुढचं चित्रीकरण आम्ही केलेलं नाही.