रुईच्या पानाखाली

[दृश्य: सोसायटीच्या भिंतीलगत उगवलेली रुई]

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, आणि तीच रुई आपल्या भिंतीशी उगवली की माळीबुवांना सांगायचं, "तेवढं रान काढून टाका."

काढण्याआधी पान उलटून बघा.

[दृश्य: पानाची खालची बाजू, अगदी जवळून]

खसखशीएवढा हा पांढुरका ठिपका म्हणजे प्लेन टायगर फुलपाखराचं अंडं. शेजारच्या पानावर अळी आहे: काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक चिकट आणि विषारी. म्हणून ही आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहू देते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. असल्या खाण्यावर वाढलेल्या फुलपाखराला पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर चक्क त्याचं सोंग घेऊन फिरते. तिच्या अळ्या कशावर वाढतात? घोळीवर. हो, आपल्या भाजीच्या घोळीवर!

[दृश्य: रस्त्याकडेची घाणेरी]

घाणेरी मूळची अमेरिकेतली. तिच्यावरही फुलपाखरं येतात, मध पितात. पण तिची पानं त्यांच्या अळ्यांच्या कामाची नाहीत. पाहुणचार होतो, संसार मांडता येत नाही. नर्सरीत मात्र शोभेची परदेशी झाडं हारीनं मांडलेली असतात, आणि रुई मागितली तर माणूस आपल्याकडेच बघत राहतो.

[दृश्य: बाल्कनीतला कढीपत्ता]

जागा नसेल तर कुंडीत कढीपत्ता लावा. त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर झटकू नका. ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असू शकते. डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबाच्या झाडावर राणी पाकोळीही, म्हणजे ब्लू मॉरमॉनही, अंडी घालते. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. फोडणीला चार पानं कमी पडतील, पडू देत. फवारणी तेवढी नको.

[दृश्य: फुललेला ताम्हण]

अंगण मोठं असेल तर ताम्हण आहे, पांगारा आहे. पांगारा फुलला की साळुंक्या, शिंजीर दिवसभर हलत नाहीत. रोपं जून-जुलैत लावा, म्हणजे पावसात मुळं धरतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाणी घालावंच लागेल.

रुई लावाल ती कुंपणाकडेला, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. चीक डोळ्यांत जाता कामा नये. पानं हाताळली की हात साबणानं धुवा.