गाईच्या लघवीत आंबोणाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. शेण आपण सगळेच बघतो. पातळ झालं, घट्ट झालं, दाणे तसेच पडले, हे लगेच ध्यानात येतं. लघवीकडे मात्र ती लाल झाल्याशिवाय कुणी वळून बघत नाही. आज त्याच लघवीबद्दल बोलायचं आहे. जनावरानं खाल्लेल्याचं पुढं काय झालं, ते तिच्यात दिसतं.

शीळफाट्याजवळच्या एका आगरी घरातली गाय सांगतो. जर्सीची संकरित, तिसऱ्या वेताची, विऊन तीन आठवडे झालेली. घरातल्या आजींचा फोन आला, "डाक्टर, गाय पेंढा खाते, पण आंबोणाला तोंड लावत नाही." पेंढा खाते आणि आंबोण, म्हणजे पेंड-भुशाचं खाद्य, सोडते! मला निम्मं निदान तिथंच मिळालं. दूधही निम्म्यावर आलं होतं. मुलानं पाचक पावडर पाजली होती, शेजारणीनं मीठ-मिरची उतरून टाकली होती.

गाईच्या तोंडाजवळ गेलो तर गोडसर वास. लघवी हवी होती. मी बाटली घेऊन मागं उभा राहिलो, तर आजी म्हणाल्या, "सरका तुम्ही." शेपूट बाजूला धरली आणि मायांगाच्या खालच्या कातडीवर बोटांनी हळूहळू चोळत राहिल्या. थोड्या वेळानं गाईनं पाठ वाकवली. पहिली धार जाऊ दिली, मधली बाटलीत घेतली.

ओट्यावर पांढरी बशी ठेवली. तिच्यात चिमूटभर रोथेराची पावडर, म्हणजे लघवी तपासायची पावडर, वर लघवीचे दोन-तीन थेंब. सारं घर बशीभोवती गोळा झालं. आधी कडेला गुलाबी छटा आली आणि बघता बघता सगळी पावडर गडद झाली. आजींनी पदर तोंडाला लावला, "अगं बाई, जांभूळ चेचल्यागत झालं!"

हा किटोसिस. व्याल्यावर दुधातली साखर तयार करायला गाईला भरपूर ग्लुकोज लागतं. खाण्यातून तेवढं मिळालं नाही की ती अंगावरची चरबी वितळवते. ती सगळी यकृताला पेलवत नाही, मग कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि लघवीत उतरतात. पावडर जांभळी होते ती त्यांच्यामुळं. फिकट रंग ताज्या व्यालेल्या बऱ्याच गाईंत येतो, तेवढ्यानं घाबरू नका. गडद जांभळा आला तर मात्र डॉक्टर बोलवा. पुन्हा सांगतो, फिकट असेल तर लक्ष ठेवा, गडद असेल तर डॉक्टर बोलवा.

मी शिरेतून ग्लुकोज दिलं. मुलानं विचारलं, "गूळच पाजू का?" गूळ पोटातले जंतूच खाऊन टाकतात, रक्तात साखर म्हणून फारसा पोचत नाही. म्हणून प्रॉपिलिन ग्लायकॉल, ज्याचं यकृतात ग्लुकोज होतं ते औषध, तोंडावाटे द्यायला सांगितलं. काही दिवसांनी पावडर पांढरीच राहिली आणि गाईनं गव्हाणीतलं आंबोण चाटून पुसून संपवलं. भाकड काळात तिला दुप्पट आंबोण, वर भात आणि पोळ्या मिळत होत्या, सगळं मायेपोटी. विताना गाय फार लठ्ठ नको, श्रोतेहो, तीच व्याल्यावर जास्त चरबी वितळवते. आणि सणासुदीला गाईपुढं भाताची पातेली रिकामी करणाऱ्या शहरातल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, हे थांबवा. एकदम भरपूर भात गेला की पोटात आम्ल वाढतं, त्यानं जनावर दगावतंसुद्धा. पुण्य हवं असेल तर हिरव्या चाऱ्याची पेंढी द्या.

संशोधक याच लघवीतून आणखी एक गोष्ट मोजतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जंतू वाढतात, ते पुढं आतड्यात पचतात आणि गाईला प्रथिनं पुरवतात. त्यांच्या अवशेषातून अ‍ॅलँटॉइन बनून लघवीत येतं. अ‍ॅलँटॉइन जास्त म्हणजे जंतू चांगले वाढले, खाद्य जमलं. दिवसभराची लघवी गोळा करणं अवघड, म्हणून सोबत क्रिएटिनिन मोजतात. ते स्नायूंतून जवळपास ठरावीक प्रमाणात येतं, त्यामुळं एका नमुन्यावरूनही अंदाज बांधता येतो. आपल्याकडच्या तबेलेवाल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे म्हशीच्या लघवीत हे अ‍ॅलँटॉइन गाईपेक्षा कमी असतं. गाईचं गणित म्हशीला लावू नये.

आणि युरिया. महागाची सरकी पेंड भरपूर घातली, पण तिच्या जोडीला पोटातल्या जंतूंना पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर जादा प्रथिनाचा युरिया होऊन तो लघवीतून जातो. पेंडीचे पैसे गटारात.

म्हैस विऊन लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर फॉस्फरसची कमतरता असू शकते. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवलेल्या म्हशीत हे विशेष बघा. गोचीडतापातही रंग असाच होतो, तेव्हा घरी औषध करत बसू नका.

पावडर घरात ठेवणार असाल तर काळ्या बाटलीत, घट्ट झाकणाची. उजेडानं ती खराब होते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओलही धरते. गोळा झालेली पावडर टाकून द्या. नमुना ताजाच वापरा, सकाळचा संध्याकाळी नको. आणि बाटली साबणानं धुतली असेल तर नुसत्या पाण्यानं पुन्हा दोनदा विसळून घ्या.